बिनचाकाचा नंदी

यंदाच्या तान्ह्या पोळ्याचा फ्लेक्स बाभुळगावच्या चौकात लागला आहे. वर मंडळाच्या अध्यक्षांचा हात जोडलेला फोटो, खाली बक्षिसं, आणि सगळ्यात खाली लाल अक्षरांत एक नवा नियम: 'नंदीला चाके असणे बंधनकारक आहे.' काल बसमधून उतरले, ते वाक्य वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. लाकडी बैलाच्या चाकांसाठी कायदा करायची वेळ दुसऱ्या कुठल्या गावावर आली असेल का? आमच्यावर आली. एका माणसामुळे आली, आणि तो फ्लेक्स टराटरा फाडायला तो माणूस आता जिवंत नाही. म्हणून मी आणखी चिडले आहे.

आमच्याकडची रीत ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. पोळ्याला खरे बैल सजतात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, तो पोरांचा. लाकडी नंदी सजवायचे, चाकांवर दोरीनं ओढत मैदानात आणायचे, तोरणाखाली रांगेत उभे करायचे. चांगल्या नंदीला बक्षीस मिळतं. मग पोरं घरोघर जाऊन बोजारा मागतात, म्हणजे खाऊ नाहीतर सुटे पैसे. इतका साधा सण आहे. त्यात भांडायला काय आहे? तर तेच सांगायला बसले आहे.

तो माणूस म्हणजे आमचे फिजिक्सचे सर. मी राळेगावकडची, कास्तकाराची पोर. अकरावी-बारावी त्यांच्या हाताखाली काढली आणि पुढे त्याच कॉलेजात, त्यांच्याच शेजारच्या खुर्चीत शिकवायला आले. माझी खुर्ची बदलली, त्यांची जीभ बदलली नाही. भर स्टाफरूममध्ये, साड्या नेसलेल्या मॅडम लोकांसमोर मला 'ए पोरी' म्हणून हाक मारायचे. मी म्हटलं, "सर, मी आता मॅडम आहे." तर म्हणाले, "हाव, मॅडम पोरी, थे खिडकी लाव."

शर्टाच्या डाव्या खिशात कायम एक चुंबक असायचं. लाउडस्पीकरच्या पाठीमागे असतं ना, काळं, जड, कड्यासारखं, ते. त्यानं खिसा लोंबलेला. कपाटाच्या किल्ल्या, टाचण्या, पेनाचं टोपण, सगळं छातीला चिकटलेलं. एटीएमचं कार्डही त्याच खिशात. ते थोड्या दिवसांत बाद व्हायचं आणि सर बँकेत जाऊन भांडायचे. मी एकदा म्हटलं, "सर, चुंबकानं कार्डाची पट्टी पुसली जाते. तुम्हीच शिकवलं." केवढे भडकले! "मले नको शिकवू. बँकेचं काम हाये मजबूत कार्ड देनं." फिजिक्सचा मास्तर आणि हे बोलणं. कपाळावर हात मारून घ्यावा असा माणूस होता.

ते चुंबक घेऊन ते कुठेही जायचे. एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात आंदणाची भांडी मांडली होती. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही, हलक्याला चिकटतं. सर उठले, चुंबक काढलं आणि भर मांडवात ताटांना लावत सुटले. ताटं टपाटप चिकटली. "फसवलं!" सर ओरडले. त्यांना म्हणायचं होतं, दुकानदारानं फसवलं. पण ऐकलं वरबापानं. झालं! जेवणाच्या पंगती थांबल्या, मुलीचा बाप रडकुंडीला आला आणि त्यानं सरांपुढे हात जोडले, "सर, तुम्ही घरी जा ना बाप्पा." सर गेले. जाताना एक ताट चुंबकाला चिकटलेलं होतं, ते तसंच घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी पुरावा म्हणून स्टाफरूमच्या लोखंडी कपाटाला लटकवलं. ते बरेच दिवस तिथे होतं आणि त्या सहकाऱ्याला रोज त्याच्याकडे बघत डबा खावा लागला.

अकरावीचा पहिला तास मात्र गावात प्रसिद्ध होता. एकमेकांना चिकटलेली दोन चुंबकं पोरांच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, सुटी करा. पोरं ताकद लावून ओढायची. सुटायची नाहीत. सुटलीच तर पुन्हा खाडकन चिकटून बोटं चेमटायची. मग सर छपराला आवाज लागेल असे ओरडायचे, "ओढू नको बे, सरकव! सरकव!" बाजूला सरकवलं की चुंबकं मुकाट्यानं सुटतात. बाभुळगावात आमच्या कॉलेजातून शिकलेला कोणीही माणूस धरा, त्याला दुसरं काही आठवो न आठवो, हे आठवतं.

पण त्या तासानंतर चुंबकाला हात लावायची सोय नव्हती. प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीशी सरांनी लांबलचक फळी मांडली होती. डीजेवाल्यांचे, बँडवाल्यांचे फुटके स्पीकर मागून आणायचे, त्यातली चुंबकं काढायची आणि फळीवर एकाला एक लावून पक्की करायची. हा त्यांचा रूळ. त्यावर बिनचाकाची गाडी तरंगत चालवायची होती. या रुळाला बोट लावलं की लाकडी पट्टी बसायची. मी शिक्षिका झाल्यावरही बसली. त्या दिवशी मी पट्टी हिसकावून खिडकीबाहेर फेकली. सरांनी ड्रॉवरमधून दुसरी काढली.

चाकावर त्यांचा भलताच राग होता. सायकल नाही, गाडी नाही. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यातून कॉलेजात पायी यायचे. "चाक म्हंजे काय? घासनं. घासलं का तापते, तापलं का झिजते," म्हणायचे. टीव्हीवर बुलेट ट्रेनची बातमी आली की स्टाफरूममध्ये कोणीतरी मुद्दाम काडी टाकायचं, "सर, तुमची गाडी येऊन राह्यली." की सरांची मूठ टेबलावर. "थे चाकावर चालते बे! चाकावर! माही चाकाबिगर!"

आणि मग सुरू व्हायचे. जपानातल्या गाडीचं सांगताना त्यांचा राग पार उतरायचा, आवाज बदलायचा. "थे गाडी आधी रबरी चाकावर पळते, इमानासारखी. वेग आला का गाडीतले चुंबक बाजूच्या भिंतीतल्या तारेच्या वेटोळ्यायपासून सर्रकन जातात. वेटोळ्यायत आपोआप करंट उठते, आन् थो करंटच गाडीले उचलून धरते. मंग चाकं आपले पोटात घेते. कोनी उचलत नाई तिले पोरी, तिची चालच तिले उचलते." आणि ती पुढे कशी जाते? "बंडी चिखलात फसली तं काय करतो? एक जन पुढून ओढते, एक जन मागून ढकलते. बस, तसंच. पुढचं वेटोळं ओढते, मागचं ढकलते. गाडी सरकली का दोघंबी आपली बाजू बदलतात."

हे सगळं कुठे चाललं होतं? जिथली रेल्वेची छोटी लाईन केव्हाच बंद पडली आणि मोठी लाईन होऊन राह्यली, होऊन राह्यली, असं ऐकत आमचे केस पिकायला आले, तिथे. लोक हसायचे. "सर, आधी साधी रेल्वे तं येऊ द्या." खुळचट म्हणायचे, तोंडावर म्हणायचे. सरांना एकच हवं होतं. बाभुळगावच्या भर मैदानात ती चाकाबिगरची वस्तू हवेत उभी राहावी आणि जे हसले त्यांनी तिच्यावर हात ठेवून बघावा. जन्मात एकदा. मला त्यांचा कितीही वैताग आला तरी हे मागणं मला कधी जास्त वाटलं नाही.

मग एका सकाळी फळ्यावर लिहिता लिहिता सर खाली बसले. खडू हातातच. ठोके मंद झाले होते. नागपूरला नेलं आणि डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, पेसमेकर बसवला. जिथे इतकी वर्षं चुंबक लोंबत होतं, बरोबर त्याच जागी.

आता सचिवसाहेबांचं सांगते. आमच्या संस्थेचे सचिव आणि तान्हा पोळा मंडळाचे अध्यक्ष एकच. गावात खुर्च्या दोन, बसणारा एक. सर नागपूरला पडले असताना यांनी प्रयोगशाळा स्वच्छ करायला काढली. रूळ उखडला, चुंबकं पोत्यात भरली आणि यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या भंगारवाल्याकडे पाठवली. मी जाऊन उभी राहिले तर म्हणाले, "मॅडम, त्यायच्या तब्येतीसाठीच केलं. चुंबक चालत नाई ना आता त्यायले." मेल्याच्या अंगावरचे कपडे काढायचे आणि वर म्हणायचं, उकडत असेल म्हणून काढले! मी तिथून तडक लोहारा गाठलं. पोत्यातल्या चुंबकांचा एकच गोळा झाला होता आणि तो गोळा भंगारवाल्याच्या लोखंडी काट्याला चिकटून बसला होता. दोन गडी ओढत होते. मला पाहून भंगारवाला जवळजवळ रडलाच. "तुमचेच हायेत का? घेऊन जा ना बाप्पा! सकाळपासून काटा बंद पडला माहा." मी पदर खोचला आणि ओरडले, "ओढू नका, सरकवा!" आवाज माझा होता, सूर सरांचा. माझं मलाच कसंतरी झालं. ऑटोत घालून सगळं परत आणलं.

सर परतले ते नवीनच सोंग घेऊन. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सगळ्या शर्टांचे डावे खिसे दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकले होते. खिशातलं ते चुंबक सरांनी माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे तुह्याजवळ ठेव. पर्समधी नको ठेवू, कार्ड खराब होते."  मग म्हणाले, आता चुंबकाच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, डॉक्टरनं सांगितलं आहे. हे सांगताना चेहरा कसा? खुशीत! "पोरी, या यंत्रात चुंबकावर चालनारा इवलासा स्विच असते. चुंबक जवळ आलं का यंत्र सोताचं डोक्स चालवनं बंद करते आन् एकाच ठेक्यात ठोके देत राह्यते. एखादखेपी करून पाहावं वाटते."

"पाहा ना," मी म्हटलं. "खुशाल पाहा. काकूंना मी सांगते काय झालं ते." 

तर प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर, व्हरांड्यात, प्लास्टिकची खुर्ची टाकून सर बसले. आत मी आणि अकरावी-बारावीची पोरं. आम्ही रूळ पुन्हा मांडायचा आणि त्यांनी बाहेरून ओरडायचं. "उत्तर वर! उत्तर ध्रुव वर! अबे, तुह्या मामाचं गाव नाई, उत्तर!" ऊन खाली उतरलं की खुर्ची सावलीत सरकवायचे, ओरडणं तेच. शेजारच्या वर्गातले संध्याकाळचे जादा तास घेणं अशक्य झालं. मी दिवसभर तास घ्यायचे, संध्याकाळी बोटं चेमटून घ्यायची आणि वर शिव्या खायच्या. एकदा मी खिडकी लावून घेतली. त्यांनी काठीनं काच वाजवली.

गाडीऐवजी नंदी करायचं त्यांनीच ठरवलं. "गाडी पाहायले कोनी येत नाई. बैल पाहायले सगळं गाव येते." सर बंजारा. त्यांचे पणजोबा लदेणीवाले, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर नेणारे. बंडी नाही, चाक नाही. "आमच्या बळदायनं चाकाबिगर देश फिरून काढला," म्हणायचे. घरच्या गोर बोलीत ते बैलाला बळद म्हणत. सावरीच्या हलक्या लाकडाचा नंदी केला. त्याच्या बैठकीखाली चुंबकं, रुळावर चुंबकं, दोन्हींचे सारखे ध्रुव समोरासमोर, म्हणजे एकमेकांना ढकलणार. पण नुसतं ढकलून भागत नाही. वरचं चुंबक बाजूला घसरतं, उलटतं आणि धाडकन चिकटतं, म्हणून दोन्ही अंगांनी गुळगुळीत पट्ट्या लावल्या. पट्ट्यांच्या बाहेर जळक्या मोटरपंपातून काढलेल्या तांब्याच्या तारेची वेटोळी आणि ट्रॅक्टरची बॅटरी. स्विचची मूठ फिरवली की वेटोळी एकामागून एक जागी होणार आणि नंदी पुढे जाणार.

जाईना. तरंगायचा, पण रुळावरच्या दोन चुंबकांमधल्या फटीशी आला की अडायचा. बाहेरून सर तडतडत होते. "करंट वाढव! मूठ जोरानं फिरव!" काही उपयोग नाही. कित्येक दिवस असेच गेले. मग बारावीतल्या एका तांड्याच्या पोरीनं काही न विचारता नंदीखालची चुंबकं उपटली आणि अंतर कमीजास्त करून पुन्हा लावली. एक फटीवर आलं तरी बाकीची चुंबकांवरच राहणार, असा तिचा हिशोब. मूठ फिरवली आणि नंदी या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडखळता गेला. पोरं नाचायला लागली. मी खिडकीकडे पाहिलं. सर खुर्ची सोडून उभे होते. मग खुर्चीला लाथ घातली. "मले काहून नाई सुचलं हे?" म्हणाले आणि छत्री घेऊन घरी चालते झाले.

गेल्या वर्षीचा तान्हा पोळा. मैदानात डॉक्टरच्या वेषातली पोरं, वकिलाच्या वेषातली पोरं, फेटे बांधलेल्या चिमुरड्या, आणि चाकांवर खडखडत आलेले लहान-मोठे नंदी. आमच्या पोरांनी फळी मांडली, झूल घातलेला नंदी तिच्यावर ठेवला आणि मूठ फिरवली. शिंगांना बेगड लावलेला तो बैल हवेतून निघाला. आवाज नाही, काही नाही. गर्दी अशी लोटली की बाकीच्या नंद्यांपाशी त्यांचे आईबापसुद्धा उरले नाहीत. पोरं सांगत होती, दाबून पाहा, दाबून पाहा. एका म्हाताऱ्या कास्तकारानं पंजा ठेवून नंदी खाली दाबला, तो वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर आला. "अबे," तो म्हणाला, "खालून कोन ढकलून राह्यलं?" आणि वाकून फळीखाली पाहिलं.

सर मैदानाभोवती बांधलेल्या दोरीपलीकडे होते. काकूंच्या शेजारी, पार लांब. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं ते सगळे हात लावत होते आणि हा एकटा माणूस लांबून मान उंचावत होता. 

तेवढ्यात माइकवर सचिवसाहेब. "सदर नंदीला चाकं नसल्यामुळे हा नंदी स्पर्धेतून बाद करन्यात येत आहे."

 मग दोरीपलीकडून आवाज आला, "खऱ्या बैलाले चाकं असतात का बे?"

मैदान हसून फुटलं. सचिवसाहेब तांबडे झाले. "सर, रीत आहे थे. नंदी चाकावर आनायचा असते."

"कोनाची रीत? आमच्या लदेणीच्या बळदाले चाकं होते का? तुह्या घरच्या बैलाले हायेत का? जा, पाहून ये गोठ्यात!"

"सर, शांत राहा. तब्येत सांभाळा."

तब्येत! ज्यानं त्यांचा रूळ भंगारात घातला तो तब्येतीचं बोलतो! मला काही दिसेना. मी स्टेजवर चढले आणि माइक हिसकावला. "काहून बाद? कुठे लिहिलं आहे? नियम दाखवा!" मंडळाची माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. नियम नव्हताच. "दाखवा ना! दाखवा!" मी ओरडत होते. कोणीतरी माइकची वायर काढली. नंदी बाद तो बादच. बक्षीस एका थर्मोकोलच्या नंदीला गेलं, त्याला चार चाकं होती आणि त्यातलं एक मोडलेलं होतं.

मी खाली आले तर सर दोरीखालून वाकून आत येत होते. सरळ फळीकडे. मी किंचाळले, "सर! काकू, धरा त्यांना!" काकू जागच्या हलल्या नाहीत. सरांनी डावा खांदा मागे नेला, उजवा हात लांब केला आणि पंजा नंदीच्या पाठीवर ठेवला. दाबला. नंदीनं वर ढकललं. पुन्हा दाबला. डोळे मिटलेले होते.

"सर, डॉक्टर!" मी रडकुंडीला आले होते.

"डॉक्टरनं वीतभर सांगतलं होतं," सर म्हणाले. "छातीपासून वीतभर लांब. माहा हात वीतभर हाये का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. वीतभर! म्हणजे खिशात ठेवायचं नाही, छातीशी धरायचं नाही, एवढंच. खोलीत यायला कोणी मना केलं नव्हतं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. "मले म्हने, सांगशीन तं पाहा," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

मी किती दिवस बोलले नाही त्यांच्याशी, काय सांगू. किती संध्याकाळी माझी बोटं काळीनिळी झाली, किती शिव्या खाल्ल्या, देवासमोर त्यांच्यासाठी किती दिवे लावले. आणि हा माणूस धडधाकट खुर्चीत बसून नाटक करत होता! शेवटी मीच गेले आणि जे तोंडात आलं ते बोलले. सर ऐकत होते. मग म्हणाले, "नागपूरले पडलो होतो तं ध्यानात आलं. कोन्या चुंबकाचं कोनतं तोंड वर, हे गावात कोनालेच मालूम नाई. मीच कोनाले हात लावू देल्ला नाई. मी आत असतो तं तुम्ही हात लावला असता का?"

"मग सरळ सांगायचं ना! हात लावा म्हणायचं!"

"मले जमलं नसतं," सर म्हणाले. "माहा हात पट्टीवर गेला असता."

 मी चहा न घेता निघून आले. तो चहा न घेतल्याचाही आता राग येतो.

या उन्हाळ्यात सर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. यंत्र व्यवस्थित चालत होतं म्हणे, दगा मेंदूतल्या शिरेनं दिला. जाळण्याआधी ते यंत्र काढावंच लागतं, आगीत फुटतं. यवतमाळच्या दवाखान्यातून काढून मग त्यांना तांड्यात आणलं. निरोप आला तेव्हा मी कॉलेजात गेले, कपाटातून त्यांचं ते खिशातलं चुंबक घेतलं आणि मग निघाले. का घेतलं, मला तेव्हा सांगता आलं नसतं.

अंगणात सरांना ठेवलं होतं. काकूंनी माझ्या हातात ते पाहिलं. आत जाऊन ब्लेड आणली, सरांच्या शर्टाच्या डाव्या खिशाची शिवण टरटर उसवली आणि हात पुढे केला. "दे. आता कायचं भेव?" चुंबक खिशात गेलं आणि खिसा पहिल्यासारखा लोंबला.

मग सचिवसाहेब आले. पांढरे कपडे, मागे फोटोवाला. लोखंडी तारेच्या कड्यावर बांधलेलं झेंडूचं पुष्पचक्र, त्यावर संस्थेच्या नावाची पट्टी. त्यांनी ते सरांच्या छातीवर ठेवलं. टक्कन आवाज आला. फोटोवाला म्हणाला, साहेब, पट्टी उलटी आली. साहेबांनी चक्र उचलायला पाहिलं. उचलेना. शर्ट वर यायला लागला. त्यांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि दोन्ही हातांनी ओढलं. झेंडूची फुलं गळाली, चक्र जागचं हललं नाही. अंगणातलं रडणं थांबलं. घाम फुटलेल्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. काय करायचं ते मला माहीत होतं. मी हाताची घडी घालून उभी राहिले.

कुंपणापाशी आमची पोरं उभी होती. नंदीखालची चुंबकं उपटून लावणारी ती पोरगी सगळ्यात पुढे, रडून डोळे सुजलेले. तीच पहिल्यांदा ओरडली. मग सगळी ओरडली, त्याच चिडक्या, छपराला लागणाऱ्या आवाजात.

"ओढू नका! सरकवा! सरकवा!"

सचिवसाहेबांनी मान खाली घातली आणि सरकवलं.